कट्टीपासून बट्टीपर्यंत

लहान मुलांचे भांडण ही शाळेची, अंगणाची आणि पडवीची रोजची गोष्ट आहे. दोघांना एकच वस्तू, एकच जागा किंवा एकच माणूस हवा असतो. नाहीतर खेळाचा नियम एकाला एक वाटतो आणि दुसऱ्याला दुसरा. यातली बहुतेक भांडणे पाच मिनिटांत विरतात. उरलेल्यांत मोठी माणसे पडतात, आणि तिथे दोन गोष्टींची गल्लत होते. भांडण मिटवून देणे वेगळे आणि भांडण मिटवायला शिकवणे वेगळे. पहिल्याला एक हुकूम पुरतो. दुसऱ्याला वेळ लागतो, शब्द लागतात आणि मोठ्यांना थोडे गप्प बसता यावे लागते.

पालघर जिल्ह्यातल्या, पश्चिम रेल्वेवरच्या सफाळ्यासारख्या गावातली मधली सुट्टी डोळ्यांसमोर आणावी. स्टेशनच्या पश्चिमेला उसरणी, एडवण, कोरे, दातिवरे ही बागायतदारांची आणि मच्छीमारांची गावे. पूर्वेला तांदुळवाडीच्या डोंगराकडचे पाडे. आणि लोकलने विरार-मुंबईकडे ये-जा करणाऱ्या नोकरदारांची नवी बिऱ्हाडे. अशा गावच्या एकाच वर्गात वाडवळी, मांगेली, वारली, आगरी आणि हिंदी कानावर पडते. मैदानात लगोरी रंगली आहे. सातवी ठिकरी बसली आणि चेंडू पाठीला लागला, पण आधी काय झाले? त्यावरून गिल्ला होतो आणि एक जण दुसऱ्याची कॉलर धरतो. बाई धावत येतात. "सुरुवात कोणी केली?" दोन बोटे समोरासमोर उठतात. "चला, सॉरी म्हणा." दोघेही जमिनीकडे पाहत सॉरी म्हणतात. चेंडू कपाटात जातो. ठिकरीचा प्रश्न मात्र मैदानातच पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद पुन्हा उभा राहतो.

बाईंचा हेतू वाईट नाही, प्रश्न मात्र पोलिसी आहे. 'सुरुवात कोणी केली' हे विचारले की गुन्हेगार शोधणे आले, आणि गुन्हेगार ठरू नये म्हणून दोघेही खोटे बोलणार हेही आले. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायाधीश व सरकार मिळून ती त्यांच्याकडून पळवतात. क्रिस्टी बोलत होते ते मोठ्यांच्या खटल्यांविषयी. शाळेच्या मैदानाला ते जास्तच लागू पडते, कारण ऐकून घेणे, मागणे, सोडणे आणि नव्याने ठरवणे याचा सराव मुलाला याच मालमत्तेवर करायचा असतो.

मुलांकडे या कामाची स्वतःची अवजारे असतात. मराठी मुलांची तर चांगली शाबूत होती. खेळ सुरू होण्याआधी हात उलटसुलट टाकून चकायचे, ज्याचा हात वेगळा पडेल तो सुटायचा, आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. कोणी कोणावर ते लादलेले नसते, म्हणून त्याबद्दल तक्रारही नसते. खेळाच्या मध्येच बुटाची लेस सुटली किंवा गुडघा खरचटला की मूठ तोंडाशी नेऊन 'टाइम प्लीज' म्हणायचे. त्या क्षणी पाठलाग थांबतो. हा सरळसरळ युद्धविराम आहे, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या डावात कोणी घेत नाही. धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' करून खेळात घेणे ही तर गावच्या पंचांनाही सुचावी इतकी शहाणी तडजोड आहे: बारक्याला खेळल्याचे समाधान, थोरल्यांचा डावही बिघडत नाही, आणि घरून आलेली 'त्याला पण घ्या' ही आज्ञाही पाळली जाते. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने सुमारे ५,००० शाळकरी मुलांकडून असे शब्द, खुणा आणि करार गोळा करून १९५९ मध्ये पुस्तक काढले. युद्धविरामाचे शब्द तिथेही प्रांताप्रांतात वेगळे निघाले, पण त्यांशिवायचा प्रांत सापडला नाही.

या सगळ्यांत कट्टी-बट्टीला तोड नाही. करंगळी पुढे झाली की कट्टी, दोन बोटे जुळली की बट्टी; गावागणिक खुणा आणि शब्द बदलतात. कट्टीत राग जाहीर होतो, पण हात उगारला जात नाही. बट्टीत माफी शब्दांनी मागावी लागत नाही, त्यामुळे कोणाची मान खाली जात नाही. कधीकधी तिसरा मित्र निरोप्या होतो आणि 'ती बट्टी करायला तयार आहे, तू करशील का' असे विचारून येतो. मोठ्यांच्या जगात या कामाला मध्यस्थी म्हणतात आणि त्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरतात.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी न्यूशातेल आणि जिनिव्हा इथल्या मुलांबरोबर गोट्या खेळत त्यांना नियमांविषयी प्रश्न विचारले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातले निरीक्षण आजही शिक्षकांनी वाचण्याजोगे आहे. पाच-सहा वर्षांची मुले सांगत, नियम थोरांनी केलेले आहेत, ते बदलता येत नाहीत. आणि प्रत्यक्षात जो तो आपल्या मनाने खेळत असे. दहा-अकरा वर्षांची मुले सांगत, सगळ्यांनी ठरवले तर नियम बदलता येतो. आणि ती तो काटेकोर पाळत. म्हणजे नियमाचा धाक जिथे जास्त, तिथे पालन कमी. बरोबरीच्यांशी घासाघीस करूनच न्यायाची समज वाढते, असा पियाजेंचा निष्कर्ष होता. पंच, कोच आणि शिट्टी असलेल्या शिबिरांत वाढणाऱ्या मुलांना ही घासाघीस फारशी मिळत नाही. खेळ शिस्तीत होतो, भांडण पंचाच्या ताब्यात जाते.

वयाप्रमाणे भांडणाचा ऐवज बदलतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला 'वाटून घे' सांगणे जवळजवळ निरर्थक असते, कारण दिलेली वस्तू परत येते हेच अजून त्याच्या अनुभवात बसलेले नसते. तिथे दुसरी वस्तू पुढे करणे आणि थोडी वाट पाहायला लावणे एवढेच पुरे. चार ते सहाच्या दरम्यान 'आधी तू, मग मी' कळते. सात ते अकरा हा नियमांचा आणि वकिलीचा काळ. त्यानंतर वस्तू मागे पडतात आणि अब्रू पुढे येते: कोणी कोणाचे नाव घेतले, कोणाला ग्रुपमधून काढले, कोणाचा फोटो कुठे गेला. मोबाइलवरच्या भांडणाला मधली सुट्टी संपल्याची घंटा नसते, ही त्यातली मोठीच अडचण.

या विषयाचे मराठीतले सर्वांत मोलाचे प्रयोग ज्यांच्या कामात सापडतात, त्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच पालघर जिल्ह्याच्या भूमीवर काम करत होत्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. ताराबाईंनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात भरवायची, ही त्यांची अंगणवाडी. मुले गुरांमागे कुरणात जातात म्हणून शिक्षकाने कुरणात जायचे, ही कुरणशाळा. दोघींना पुढे पद्म पुरस्कार मिळाले: ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री.

ताराबाई आणि गिजुभाई ज्यांच्या विचाराने भारले होते त्या मारिया मॉंटेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. शांतता आणि शिक्षण हा त्यांचा व्याख्यानांचा ठरलेला विषय होता, पण त्यांच्या व्याख्यानांपेक्षा त्यांच्या वर्गातली एक साधी व्यवस्था जास्त बोलकी आहे. तिथे प्रत्येक साधन एकच ठेवतात. मनोरा एक, दट्ट्यांचा ठोकळा एक. दुसऱ्याला हवा असेल तर पहिल्याचे होईपर्यंत थांबायचे, किंवा शेजारी बसून पाहायचे. झाल्यावर पहिल्याने तो जागेवर नेऊन ठेवायचा, हातात द्यायचा नाही. मुलाला रोज वीस वेळा थांबावे लागते आणि कोणी उपदेश करत नाही. भांडण टळावे म्हणून प्रत्येकाला एकेक खेळणे आणून देणारे पालक याच्या नेमके उलटे करतात. कोसबाडला महागडी साधने नव्हती. शिंपले, बिया, पाने, दगडगोटे यांवर काम चाले. धाकटे भावंड कडेवर असल्यामुळे थोरल्या मुलीला शाळेत येता येत नसे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी राहिली. त्यातून लहानमोठी मुले एकाच आवारात आली. सारख्या वयाच्या चाळीस मुलांना एका खोलीत कोंडले की चढाओढ वाढते. वयात अंतर असले की थोरले आपोआप सांभाळून घेतात. धाक आणि बक्षीस या दोन्हींना या परंपरेत स्थान नव्हते, कारण दोन्हींत मुलाची नजर दुसऱ्या मुलाकडे न जाता बाईंकडे जाते.

या मातीचा आणखी एक धडा विसरता येत नाही. ज्या १९४५ साली बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच साली याच पट्ट्यातले वारली शेतकरी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर, किसान सभेच्या झेंड्याखाली, वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्याआधी जंगलपट्टीत भांडण दिसत नव्हते. पण ती शांतता दबलेल्यांच्या गप्प बसण्याची होती. नॉर्वेचेच शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात हिंसा नसणे आणि न्याय असणे या दोन शांतता वेगळ्या काढल्या. वर्गात हा फरक रोज पाहायला मिळतो. 'समजूतदार' म्हणून जिचे कौतुक होते ती मुलगी पुष्कळदा फक्त प्रत्येक वेळी माघार घेणारी असते. तिला भांडायला शिकवणे हेही शांततेचेच शिक्षण आहे.

प्रत्यक्ष शिकवण्याचा भाग पाच मिनिटांचा असतो, आणि त्यातले पहिले मिनिट काहीच न करण्याचे. संतापाच्या भरात हृदयाचे ठोके वाढलेले असतात, कान बंद असतात. त्या वेळी केलेला न्याय कोणाच्याच डोक्यात शिरत नाही. पाणी प्यावे, पायरीवर बसावे. मग एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे: "तो म्हणतोय की..." ही एक अट सगळ्यांत अवघड जाते आणि निम्मे काम तीच करते. मोठ्याने फक्त 'बरोबर सांगितलं का त्याने?' एवढेच विचारायचे. दोघांचे सांगून झाल्यावर 'आता काय करू या?' हा प्रश्न टाकून थांबायचे. मुलांचा तोडगा मोठ्यांना विचित्र वाटला तरी दोघांना चालत असेल तर चालू द्यावा. आणि दोन दिवसांनी विचारावे की टिकला का. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात.

हवे असलेले आणि मागितलेले यांत फरक असतो, हे मुलांना एकदा दिसले की तोडगे सुचू लागतात. पाचवीतली दोन मुले पहिल्या बाकावरच्या खिडकीकडच्या जागेसाठी हमरीतुमरीवर आली, असे समजू. का हवी, हे विचारले तर एकाला फळा नीट दिसत नाही आणि दुसऱ्याला वारा हवा आहे. पहिल्याला पहिल्या बाकावर कुठेही चालेल, दुसऱ्याला कोणत्याही खिडकीशी. जागा एक होती, गरजा दोन निघाल्या. (पहिल्याला चष्मा लागणार, हेही त्यातूनच कळले.) अमेरिकन विदुषी मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ च्या एका व्याख्यानात हार्वर्डच्या ग्रंथालयातली अशीच गोष्ट सांगितली होती: एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटना बंद, शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, कारण त्याला हवा हवी होती आणि फॉलेटना फक्त अंगावर वारा नको होता. निम्मी खिडकी उघडणे ही तडजोड झाली असती आणि दोघेही कुरकुरत बसले असते. मच्छीमारांच्या घरातल्या मुलांना हा मुद्दा लवकर उमगावा. समुद्रात कवी (जाळी बांधायचे खुंट) कुठे ठोकायच्या यावरचा सातपाटी-डहाणूकडचा आणि वसई-उत्तनकडचा वाद त्यांच्या जेवणाच्या ताटावर चर्चेला असतो, आणि खुंटाच्या जागेमागे मासळीचा प्रश्न आहे हे ती ऐकून असतात.

'तू'ऐवजी 'मी'ने वाक्य सुरू करावे, असा सल्ला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९७० मधल्या पालकांसाठीच्या पुस्तकाने जगभर नेला. मराठी मुलाला हे शिकवणे सोपे आहे, कारण त्याच्या भाषेत राग 'येतो', वाईट 'वाटते', आणि तेही 'मला'. 'तू नेहमी माझी पेन्सिल ढापतोस' हा आरोप झाला. त्याला उत्तर प्रत्यारोपाचेच मिळणार. 'न विचारता पेन्सिल घेतलीस की मला राग येतो' यावर नाही म्हणायला जागा नाही. अडचण शब्दसंपत्तीची असते. पुष्कळ मुले सगळ्याच भावनांना राग म्हणतात. खट्टू होणे, हिरमुसणे, रुसणे, ओशाळणे, वैतागणे, हेवा वाटणे हे शब्द ज्याला वापरता येतात त्याचा हात उशिरा उठतो, असे अनुभवी शिक्षक सांगतात. हे शब्द आधी मुलाच्या घरच्या बोलीत हवेत. वारली बोलीत थोरांनाही एकेरीच हाक मारतात. पाड्यावरून आलेले मूल बाईंना 'तू' म्हणते आणि शहरी वळणाच्या वर्गात ते उर्मट ठरते. मग इतर मुले हसतात, आणि भांडण सुरू झाल्यावर 'सुरुवात कोणी केली' याचे उत्तर शोधणे फारच अवघड होऊन बसते.

भांडण दोन मुलांचे नसून दोन टोळ्यांचे असेल तर बोलणी पुरत नाहीत. १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह शिबिरात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्यावर गट एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेले. एकत्र जेवायला बसवून काही साधले नाही, उलट अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक अडला, आणि दोघांना मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा कुठे वैर उतरले. मुलांना मुद्दाम भांडायला लावणारा हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच. पण त्यातला धडा शाळेच्या परसबागेतही पडताळून पाहता येतो: बंदरपट्टीची मुले आणि पाड्यावरची मुले असे दोन वाफे केले तर स्पर्धा लागते, एकाच वाफ्याला एकांनी पाणी आणायचे आणि दुसऱ्यांनी खुरपायचे असे ठरले तर मेथी दोघांची होते.

शासकीय पातळीवर हा विषय नवा नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी 'शांततेसाठी शिक्षण' या विषयावर स्वतंत्र टिपण तयार झाले. महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत मूल्यवर्धन कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो राज्य शासनाबरोबर इतर जिल्ह्यांत गेला. जोडीत आणि गटात बसून काम करणे हा त्याचा कणा आहे. १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि गावोगावी तंटे सामोपचाराने मिटवणाऱ्या समित्या बसल्या. जिल्हा परिषद शाळांतून शालेय मंत्रिमंडळही असते. त्यात आरोग्यमंत्री असतो, पोषण आहाराचा मंत्री असतो, आणि शिस्तीचा मंत्री म्हणून बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर असतो. फळ्यावर नावे लिहिणे हे चुगलीचे शिक्षण आहे. त्याच मुलाच्या हाती फळ्याऐवजी मघाचे ते पाच मिनिटांचे काम दिले तर खात्याला अर्थ येईल.

घरी काय करावे, याचे एक चांगले उत्तर कॅनडातून आले आहे. वॉटर्लू विद्यापीठाच्या हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकारी जुली स्मिथ यांनी पाच ते दहा वर्षांच्या भावंडांच्या पालकांना मध्यस्थी शिकवली: निकाल द्यायचा नाही, फक्त बोलणे पुढे सरकवायचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा घरांतली भावंडे भांडताना अधिक शांतपणे बोलताना आणि एकमेकांची बाजू अधिक नीट समजून घेताना दिसली. अर्थात मूल शिकवण्यापेक्षा पाहून जास्त शिकते. सकाळच्या डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये चौथ्या सीटवरून होणारी वादावादी, घरात वडिलांनी जेवणावरून धरलेला अबोला, बांधावरून शेजाऱ्याशी चाललेले वाकडे, या सगळ्यांची नोंद होत असते. आईवडील भांडले हे मुलांना दिसतेच; त्यांनी बट्टी केली ती मात्र बंद दाराआड केलेली असते, आणि तीच पाहण्याजोगी असते.

या सगळ्याला एक सीमा आहे. दोघे बरोबरीचे असतील तर ते भांडण. एकच मूल पुनःपुन्हा लक्ष्य होत असेल, समोरचा वयाने, ताकदीने किंवा संख्येने मोठा असेल, तर तो छळ होय. स्वीडिश-नॉर्वेजियन संशोधक डॅन ओल्वेयस यांनी शाळांतल्या दादागिरीची व्याख्या करताना हेच निकष लावले. तिथे दोघांना समोरासमोर बसवून 'आता काय करू या' विचारणे म्हणजे छळणाऱ्याच्या हाती आणखी एक संधी देणे. आडनाव, जात, बोली, रंग यांवरून चिडवणेही यातच येते. अशा वेळी मोठ्यांनी मध्ये पडायचे असते, ताबडतोब आणि ठामपणे. मारणारा मोठा माणूसच असेल तर कायदा स्पष्ट आहे: शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. आणि मुलाला घरी-शाळेत कोणाला सांगता येत नसेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन रात्रंदिवस, फुकट लागते. प्रत्येक शाळेने हा नंबर व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घ्यावा, पण मुख्याध्यापकांच्या नजरेच्या नव्हे, पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर.